मालवणास जाल तर

समुद्राचे अप्रूप आम्हां टेंभुर्णीकरांना फार. आमचे मोठे पाणी म्हणजे उजनीचे, तेही भीमेला बांध घालून अडवलेले. म्हणून दिवाळीच्या सुटीत मालवणास निघालेला कोणी भेटला की दोन शब्द सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

वाट पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर अशी. गगनबावड्याचा घाट दिवसाउजेडी उतरा; वळणावळणाला सह्याद्री डोक्यावर चढत जातो, ती मौज अंधारात बुडवू नका.

मालवणात पोचल्यावर आधी धक्क्यावर भरती-ओहोटीची चौकशी करावी. होडी समुद्राच्या मर्जीने सुटते. पावसाळ्यात तर बंदच. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले, ते १६६७ साली पुरे झाले. महाद्वार इतके बेमालूम, की अगदी जवळ जाईतो दिसत नाही.

महाराजांच्या हातापायांचे ठसे आणि शिवराजेश्वराचे मंदिर सगळेच पाहतात. तुम्ही मात्र दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींपाशी जरा अधिक थांबा. चहूकडे खारा दर्या आणि मध्ये गोडे पाणी! हे नसते, तर एवढा तट बांधूनही आत माणूस टिकता ना. आमच्या मातोश्रींनी बुरुजांकडे पाहिलेही नाही. विहिरीत वाकून त्यांनी विचारले, “उन्हाळ्यात आटते का हो?”

नावाडी हसला. आम्हां सोलापूरकडच्यांना हसू आले नाही.

ओहोटी असेल तर पद्मगडही पाहून घ्या. आणि परतताना गुळाचे खाजे दोन पुडे जास्तच बांधून घ्या. एक घाटातच संपतो.