जर्मनचा बिल्ला

अहो, तीन रात्री मला धड झोप नाही! कारण काय, तर एक किल्ली.

आमच्या आशागडच्या घरात थोरल्या आजोबांची लोखंडी पेटी आहे. तिच्या किल्लीला एक लंबगोल पत्रा अडकवलेला. लहानपणापासून आत्या सांगायची, "किल्ली ना? त्या जर्मनच्या बिल्ल्याला बघ." आता आमच्याकडे जर्मन म्हणजे काय? जर्मनचा टोप, जर्मनची परात. अ‍ॅल्युमिनियम! दुसरं काही कुणाच्या डोक्यात येणार कसं?

परवा वाडीत चिकू उतरवून आलो. हाताचा चीक निघेना म्हणून चुलीतली राख चोळली आणि त्याच राखेच्या बोटांनी किल्ली उचलली. बोट फिरलं तिथं अक्षरं उमटली. रोमन अक्षरं! मधोमध तीन लांबट खाचा, खाचांच्या वर जे ठोकलंय तेच खालच्या अर्ध्यावर पुन्हा. रात्री मोबाइलवर शोधत बसलो आणि दहाव्या मिनिटाला ओरडलोच, "आत्या, हा जर्मनचा नाही, जर्मन माणसाचा आहे!"

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकाच्या गळ्यात असा ओळखबिल्ला असायचा, जस्ताचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा. म्हणजे आत्याचंही चुकलं नव्हतं म्हणा! माणूस पडला की बिल्ला खाचांवर मोडायचा. वरचा अर्धा देहाबरोबर राहायचा, खालचा अर्धा खबर द्यायला मागे जायचा. गंमत म्हणजे त्यावर नाव नसतं. तुकडी, नोंदीचा आकडा, रक्तगट, बस्स. तुकडीसुद्धा बहुधा भरती झाली तिथली. लढला तिथली असेलच असं नाही. हे कळायला मला दुसरी रात्र लागली. तोवर भलत्याच पलटणीचा इतिहास वाचून बसलो होतो.

आणि आमचा बिल्ला अख्खा आहे! तो कुणी मोडलाच नाही. म्हणजे तो माणूस जिवंत हाती लागला? की पडला आणि त्याची खबर मागे गेलीच नाही? अंगावर काटा आला.

थोरले आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत लढले, यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नाही. मग इटलीच उपसली. टायबरच्या वरच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं नाही. नाव आहे ते कासिनोच्या स्मारकावर. त्याच कासिनोजवळ 20 हजारांवर जर्मन पुरलेत. फ्लोरेन्स आणि बोलोन्याच्या मधल्या फुटा खिंडीत आणखी 30 हजारांवर. डोंगरउतारावरचे ते दगड मी मोबाइलवर बोटांनी मोठे करकरून बघत होतो. आपला माणूस यातच असेल का? (बघा, 'आपला' म्हणून मोकळासुद्धा झालो.)

जर्मनीत युद्धातली थडगी सांभाळणारी फोल्क्सबुंड नावाची संस्था 1919 पासून आहे. तिच्या यादीत नावावरून शोधता येतं. पण नाव असतं तर काय हवं होतं! आकड्यावरून नाव काढायचं तर बर्लिन गाठायला हवं. कोणता बिल्ला कुणाचा, याच्या युद्धकाळातल्या याद्या तिथे जपल्या आहेत, 2019 पासून बुंडेसआर्किव्ह म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात. फोटो जोडून अर्ज धाडला. उत्तराला महिने लागतात म्हणे. मी आपला तासातासाला मेल उघडतोय.

त्याच भरात पेटी पुन्हा उपसली. तळाशी थोरल्या आजोबांची पदकं. हिंदी सैनिकांची पदकं नाव घालून दिलेली असत, हे याच शोधात वाचलेलं. गोल पदक उभं धरलं, कडेवरून भिंग फिरवलं. नंबर, हुद्दा, आणि स्पेलिंगची पार वाट लावलेलं आमच्या आजोबांचं नाव! आत्या ऐंशीला टेकली आहे, ती पदकं दर दसऱ्याला पुसते. कडेवरचं नाव तिने आज पहिल्यांदा ऐकलं. दोनदा वाचून घेतलं.

मग तिने बिल्ल्यातून किल्ली सोडवली, किल्लीला लाल नाडी बांधली आणि बिल्ला पदकांच्या रुमालात गुंडाळून ठेवला. "उत्तर आलं की आधी मला सांग," म्हणाली. "त्याचं तरी नाव नीट लिहिलंय का बघू."