वखारवाल्यांच्या मुलखात एक दिवस

वेंगुर्ल्याला डच वखारीचे भग्न अवशेष आहेत, हे कोकणातल्या आपल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. सतराव्या शतकात, १६३७ च्या सुमारास, विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने डचांनी तिथे बस्तान बसवले. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. आम्ही उभयता त्याच तालुक्यातले. वखारीच्या पडक्या भिंतींत उगवलेली झाडे बघतच आम्ही वाढलो, पण हे डच कुठून आले, का आले आणि का गेले याचा विचार कधी केला नव्हता. तो करायची वेळ आली ती साठी उलटल्यावर, आमच्या धाकट्यामुळे.

धाकटा गेली सहा वर्षे आइंडहोवनला नोकरीला आहे. २०२३ ची रमजान ईद त्याच्याकडे करायची म्हणून आम्ही गेलो. ईद झाली, शीरखुर्मा झाला, आणि दोन दिवसांनी त्याने विषय काढला. तिथले नागरिकत्व घ्यायला तो पात्र झाला होता. भाषेची परीक्षाही पास झाला होता. पण आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडचा पासपोर्ट हातात आला की भारताचा परत करावा लागतो. "अब्बा, अम्मी, तुमची परवानगी असेल तरच अर्ज करीन," तो म्हणाला. आम्ही काहीच बोललो नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही. फक्त चार दिवसांनी सांगितले, की गुरुवारी तुमच्यासाठी गाडी आणि मार्गदर्शक ठरवली आहे, मला रजा नाही, तुम्ही हा देश एकदा नीट बघून या.

पैसे किती पडले ते त्याने सांगितले नाही. मोठ्या बसच्या सहली स्वस्त असतात, पण आमच्यापैकी एकाचे गुडघे आणि दुसऱ्याची साखर बघता बसच्या घाईत आमचा निभाव लागला नसता. खाजगी गाडीचा फायदा हा, की हवे तिथे थांबता येते, नमाजची वेळ आधी सांगून ठेवता येते आणि प्रश्न कितीही विचारता येतात. मार्गदर्शक बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. गाडीत बसल्या बसल्या आम्ही त्यांना वेंगुर्ल्याचे सांगितले. त्यांनी ते नाव ऐकले नव्हते. मग जुन्या कागदपत्रांत डच लोक त्याला 'विंगुर्ला' लिहीत असे आम्ही सांगताच त्यांनी मोबाईलवर शोधले आणि गाडी सुरू करायच्या आत दहा मिनिटे वाचत बसल्या. तिथेच आमचे त्यांच्याशी जमले.

पहिला मुक्काम गौडा. गुरुवारी सकाळी तिथे चीजचा बाजार भरतो. चौकात पिवळी, गाडीच्या चाकाएवढी चक्री मांडलेली असतात आणि शेतकरी-व्यापारी टाळ्या देत भाव ठरवतात. आता हा बराचसा पर्यटकांसाठीचा देखावा आहे, हे बाईंनीच कबूल केले. वाचक भगिनींसाठी एक उपयोगाची गोष्ट मात्र सांगतो. दूध विरजायला जे रेनेट वापरतात, ते परंपरेने वासराच्या जठरातून काढतात. त्यामुळे आपल्याकडे चीजबद्दल शंका असते. पण वनस्पती किंवा सूक्ष्मजीवांपासूनचे रेनेट वापरलेले चीजही तिथे मिळते. पाकिटावर बघावे, नाहीतर दुकानदाराला सरळ विचारावे. आम्ही विचारले, त्याने न कंटाळता दाखवले. जिरे घातलेले एक चीज घेतले. आपल्या जिभेला ते लगेच ओळखीचे वाटते.

डेल्फ्टला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कालवे, त्यांच्यावरचे छोटे पूल, पाण्यात उतरलेली झाडांची सावली; चित्रात असते तसेच सगळे. आजच्या डच राजघराण्याचा मूळपुरुष, ऑरेंजचा विल्यम, याला १५८४ मध्ये याच गावी गोळ्या घालून मारले. भिंतीत शिरलेल्या गोळ्यांच्या खुणा अजून जपल्या आहेत. निळ्या नक्षीची भांडी ही डेल्फ्टची दुसरी ओळख. ती मुळात चिनी भांड्यांची नक्कल. डच जहाजे चीनहून भांडी आणीत. तिकडे मिंग घराणे कोसळले, माल येईना, तेव्हा इथल्या कुंभारांनी आपल्या मातीवर कथलाचा पांढरा लेप देऊन वर निळी चित्रे काढायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "ही आमची सगळ्यात डच वस्तू, आणि ती चीनची आहे." आम्हाला हे बोलणे आवडले.

मग त्यांनी आम्हाला ओउडे डेल्फ्ट नावाच्या कालव्याकाठी एका जुन्या इमारतीसमोर नेले. ईस्ट इंडिया कंपनीचे हे डेल्फ्टचे कार्यालय. १६०२ मध्ये निघालेल्या या कंपनीच्या सहा शाखा होत्या, त्यांतली एक इथली. वेंगुर्ल्याची वखार याच कंपनीची. आम्ही त्या दारासमोर बराच वेळ उभे राहिलो. आत जाण्यासारखे काही नव्हते. विटांची एक साधी, नीटनेटकी इमारत. आमच्या वखारीचे छप्पर कधीच गेले. हिच्या खिडक्यांच्या काचा मात्र स्वच्छ पुसलेल्या होत्या.

आम्ही बाईंना विचारले, की वेंगुर्ल्यात यांनी व्यापार केला, पण बाकी ठिकाणी काय केले? त्या थोड्या थांबल्या आणि मग बांदा बेटांची हकीकत सांगितली. आपण ती इथे देतो, कारण आपल्याकडे ती फारशी कोणाला माहीत नाही. आजच्या इंडोनेशियात ही चिमुकली बेटे आहेत. जायफळ आणि जायपत्री त्या काळी जगात फक्त तिथेच होत असे. रहिवासी बहुतेक मुसलमान होते आणि ते माल जो चांगला भाव देईल त्याला विकत. कंपनीला मक्ता हवा होता. १६२१ मध्ये यान पीटरसोन कून हा गव्हर्नर जनरल फौज घेऊन गेला. सेलामोन गावच्या मशिदीत डच शिपायांनी मुक्काम ठोकला. एका रात्री आत दिवा पडला, त्याचा आवाज झाला, आणि तो हल्ल्याचा इशारा समजून गोळ्या सुटल्या. पुढे जे झाले त्यात बेटांवरच्या सुमारे पंधरा हजार माणसांपैकी थोडकीच उरली. बाकीची मारली गेली, उपाशी मेली, गुलाम म्हणून नेली गेली किंवा पळाली. मग बाहेरून गुलाम आणून जायफळाच्या बागा चालवल्या. कूनचा पुतळा होर्न या त्याच्या गावी आजही उभा आहे. तो ठेवावा की काढावा, यावर तिथे वाद चालू असतो.

"मी शाळेत होते तेव्हा आम्हाला यातले काही शिकवले नाही. मी शिक्षिका झाल्यावर शिकवायला लागले," बाई म्हणाल्या. आदल्याच डिसेंबरात त्यांच्या पंतप्रधानांनी गुलामगिरीबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली होती. ती पुरेशी आहे का, असे आम्ही विचारले नाही. आमच्या मनात मात्र धाकट्याचा अर्ज होता. ज्यांनी हे केले त्यांचा पासपोर्ट आपल्या मुलाने खिशात ठेवावा? तसे पाहिले तर ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले, त्या विलायतेचा पासपोर्ट आमच्या निम्म्या नात्यागोत्याच्या खिशात आहे, आणि त्यांना आम्ही हे कधी विचारलेले नाही.

हेगला जोहरची वेळ झाली. आम्ही कोकणी, म्हणजे शाफिई. शिवाय घरापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे आलेलो, तेव्हा जोहर-असर जमा करून कस्र पढायची मुभा होती. बाईंनी वाखेनस्ट्राट नावाच्या रस्त्यावरच्या तुर्की मशिदीपाशी गाडी थांबवली. नाव मस्जिद-ए-अक्सा. दोन मिनार आहेत, पण इमारत बघताच काहीतरी वेगळे जाणवते. हे एकोणिसाव्या शतकातले सिनेगॉग आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी नेदरलँड्समधल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक ठार केले. हेगमध्ये एवढे मोठे प्रार्थनागृह भरण्याइतके लोक परत आलेच नाहीत. पुढे वास्तू नगरपालिकेकडे गेली, रिकामी राहिली, आणि १९७९ मध्ये नमाजला जागा नसलेल्या तुर्की कामगारांनी ती ताब्यात घेतली. नंतर ती रीतसर त्यांची झाली.

त्या छताखाली सजदा करताना मनात काय आले, ते लिहिणे अवघड आहे. जागा पाक होती, गालिचा मऊ होता, आणि ज्यांनी ही इमारत उभारली त्यांची नातवंडे राखेत गेली होती. इतकेच लिहितो.

नमाजनंतर एक वयस्कर तुर्की गृहस्थ चहा घेऊन आमच्याजवळ बसले. नेदरलँड्सने १९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९ मध्ये मोरोक्कोशी कामगार आणण्याचा करार केला. त्या लाटेत ते तरुणपणी आले. दोन वर्षे कमवून परत जाऊ, असे ठरवून आलेले. आम्ही त्यांना मुलाचे सांगितले. त्यांनी पासपोर्टबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, "दफन कुठे होणार, ते आधी ठरवा." तिथल्या दफनभूमीत बहुतेक कबरी ठराविक वर्षांच्या कराराने मिळतात. मुदत संपली आणि कोणी पैसे भरले नाहीत, तर जागा मोकळी करतात. आपल्या मयतीला कोणी असे उठवावे, ही कल्पना सोसत नाही, म्हणून त्यांच्या पिढीतले कितीतरी जण दरवर्षी थोडी वर्गणी भरून ठेवतात, म्हणजे मय्यत विमानाने मायदेशी जाते. त्यांनीही भरली आहे. "पण आता मुले म्हणतात, बाबा, तुम्ही तिकडे गेलात तर आम्ही फातिहा पढायला कुठे येऊ?" त्यावर त्यांनी काय ठरवले हे विचारायचा आम्हाला धीर झाला नाही. हेगमधला शांतिमहाल, जिथे आंतरराष्ट्रीय न्यायालय बसते, तो आम्ही गाडीतूनच पाहिला. मोत्याच्या डुलवाल्या मुलीचे प्रसिद्ध चित्रही राहिले.

लायडनला मात्र मन रमले. १५७४ मध्ये स्पेनच्या फौजेने हे शहर वेढले, लोक भुकेने मरू लागले. मग विल्यमच्या लोकांनी बांध फोडून समुद्राचे पाणी शेतात सोडले आणि त्या पाण्यावरून नावा आणल्या. ३ ऑक्टोबरला शहर सुटले. तिथले लोक आजही त्या दिवशी हेरिंग मासा आणि पांढरा पाव खातात. त्या लढ्यातल्या डच दर्यावर्दींनी 'पोपपेक्षा तुर्क बरा' असे कोरलेले चंद्रकोरीचे बिल्ले छातीवर लावले होते, हे ऐकून आम्हाला हसू आले. दुसऱ्या वर्षी विद्यापीठ निघाले. त्याच्या बागेत १५९० च्या दशकात क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्कस्तानाकडून आलेले ट्यूलिपचे कंद लावले, आणि हॉलंडची ओळख बनलेले फूल त्या देशात रुजले. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा हंगाम सरत आला होता. पाकळ्या गळून नुसते दांडे उभे होते.

याच विद्यापीठात १६१३ मध्ये टॉमस एर्पेनियस अरबीचा प्राध्यापक झाला. त्याने लिहिलेले अरबी व्याकरण युरोपात दोनशे वर्षे चालले. त्याला अरबी बोलायला मिळाली ती अहमद बिन कासिम अल-हजरी यांच्याकडून. हे स्पेनमधले मुसलमान. नाव आणि दीन लपवून जगावे लागे, म्हणून निसटून मोरोक्कोला गेले. तिथल्या सुलतानाचे दुभाषे झाले आणि स्पेनमधून हाकललेल्या मुसलमानांच्या लुटलेल्या मालाची दाद मागायला फ्रान्सला व मग लायडनला आले. पुढे इस्तंबूलमध्ये डचांचा वकील असलेल्या वार्नरने सुमारे हजार हस्तलिखिते या ग्रंथालयाला दिली. इमाम इब्न हज्म यांच्या प्रीतीवरील ग्रंथाची जगातली एकमेव जुनी प्रत इथेच आहे. पण याच शहराचा विद्वान स्नुक हुर्ग्रोन्ये अब्दुल गफ्फार नाव घेऊन १८८५ मध्ये मक्केत राहिला, आणि नंतर आचेच्या मुसलमानांविरुद्धच्या युद्धात डच सरकारचा सल्लागार झाला. आपल्या किताबांचा सांभाळ आणि आपल्याच लोकांवर पाळत, दोन्ही एकाच रस्त्यावर.

परत निघालो. ४ मे ची तारीख होती. युद्धात मेलेल्यांच्या आठवणीत त्या दिवशी रात्री आठ वाजता सारा देश दोन मिनिटे स्तब्ध राहतो. बाईंनी आधीच सांगून एका पेट्रोल पंपावर गाडी लावली. ट्रकवाले खाली उतरून उभे होते. उन्हे अजून होती. आम्ही हात उचलून मनात दुआ मागितली. कोणाकोणासाठी, ते आमच्यात आणि अल्लाहमध्ये राहू दे.

घरी धाकट्याने डाळ-भात करून ठेवला होता. जेवण झाल्यावर आम्हीच विषय काढला. अर्ज कर म्हणालो. आपल्याकडच्या ओसीआय कार्डाची कागदपत्रे त्याच दिवशी सुरू कर, म्हणजे येण्याजाण्याला अडचण नको. आणि आम्हा दोघांपैकी कोणाचे इथे असताना बरेवाईट झाले, तर मय्यत वेंगुर्ल्याला न्यायची. तिकडे झाले, तर तुझी वाट बघत दफन थांबवायचे नाही. तो बराच वेळ ताटाकडे बघत होता. मग म्हणाला, "आणि माझे?"

ते आम्ही त्याला ठरवायला सांगितले. नंतर जिऱ्याचे चीज कापले.