सर्व्हिस चार्ज देणं सक्तीचं नाही
हॉटेलवाल्याला सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच तसं बजावलंय. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं.

तरी परवा हायवेवरच्या एका साखळी हॉटेलात तो लावलाच. काढा म्हटलं, तर मॅनेजर म्हणाला, "सगळेच देतात, साहेब." पंधरा मिनिटं हुज्जत घातल्यावर निघाला.

आपल्या उजनीकाठी चिलापीच्या ताटात न मागता रस्सा वाढणाऱ्या मावशी वाढण्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. खूश असाल तर वाढणाऱ्या पोराच्या हातात टीप ठेवा, मालकाच्या गल्ल्यात नको. बिल नीट वाचा. ऐकलं नाही तर १९१५ वर तक्रार करा. रक्कम छोटी असली, तरी पैसा आपल्या कष्टाचा आहे.