नांदेड–लातूर : आकाशातील पंधरा मिनिटे

लातूर आणि नांदेड ही मराठवाड्यातील दोन व्यापारी शहरे. एक बालाघाटच्या पठारावर, दुसरे गोदावरीच्या काठी. दोन्ही ठिकाणी विमानतळ आहे आणि दोन्ही धावपट्ट्या सुमारे २,३०० मीटर लांबीच्या. एकीपासून दुसरीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर अंतर सुमारे १२५ किलोमीटर भरते. लहान शहरांना जोडणारे एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. त्रैराशिक मांडले की उत्तर येते पंधरा मिनिटे!

परंतु जाणता व्यापारी केवळ बाजारभावावर सौदा करीत नाही. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे धरून माल दुकानात कितीला पडला, हे तो पाहतो. वेळेचा हिशेबही तसाच करावा लागतो. लातूर शहरापासून विमानतळ सुमारे १२ किलोमीटर. तेथे निदान एक तास आधी पोहोचावे लागते. विमानाचे धावणे, उंची गाठणे आणि उतरणे यांत पंधरा मिनिटांचा अर्धा तास होतो. पुढे सामान घेऊन शहर गाठावयाचे. घरापासून पेढीपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात. मोटारीने सुमारे १४० किलोमीटरचा हा प्रवास साधारण तीन तासांचा. एवढ्याशा बचतीसाठी तिकीट कोण काढील? रेल्वेची वाट तर परळी, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा घेणारी.

म्हणून या दोन शहरांचे खरे नाते रस्त्यानेच जपले आहे. चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावे घेत तो सोयाबीन व तुरीच्या काळ्या रानांतून जातो. वाटेत माळेगाव लागते. मार्गशीर्षातील खंडोबाच्या यात्रेत येथे घोड्यांचा आणि जनावरांचा मोठा बाजार भरतो. लातूरहून निघालेला प्रवासी नांदेडला पोहोचेपर्यंत सुमारे अडीचशे मीटर खाली, गोदावरीच्या खोऱ्यात उतरलेला असतो.

नांदेडच्या विमानतळाला गुरू गोविंदसिंगजींचे नाव आहे. २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्याचा कायापालट झाला. ‘उडान’ योजनेतील उड्डाणांचा प्रारंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला, तेव्हा पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. मध्यंतरी विमाने थांबली. २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. लातूरच्या धावपट्टीवरून मात्र दीर्घकाळ नियमित प्रवासी सेवा नाही.

परिणामी लातूरच्या डाळ व्यापाऱ्याला दिल्ली किंवा बंगळुरूला जावयाचे, तर घराजवळची धावपट्टी मागे टाकून तो पहाटेच्या अंधारात नांदेडची वाट धरतो. वाटेत ट्रक आडवा झाला की तिकीट वाया जाते आणि ठरलेला सौदाही हुकतो. आजाऱ्याला घेऊन निघालेल्या कुटुंबाची घालमेल तर याहून मोठी.

लातूरला नांदेडपर्यंतचे विमान नको आहे. विमानाचा खर्च आणि खोळंबा लांबच्या पल्ल्यावरच भरून निघतो. तेव्हा लातूरहून थेट दूरच्या शहरी जाणारे विमान हवे. तोवर या दोन विमानतळांमधील अंतर पंधरा मिनिटांचे नव्हे, तीन तासांचेच आहे. अंतर नकाशावर मोजता येते. प्रवास मात्र घराच्या उंबरठ्यापासूनच मोजावा लागतो.