हालचाल देऊन मिळवलेली वेदनामुक्ती

गुडघ्याच्या झिजेविषयी घरोघरी बोलले जाते, घोट्याविषयी क्वचितच. केवळ वयोमानाने घोटा सहसा झिजत नाही. त्याच्या संधिवाताचे बहुतेक रुग्ण जुन्या दुखापतीची किंमत मोजत असतात. कुणाचे हाड कित्येक वर्षांपूर्वी मोडलेले असते, कुणाचा पाय वारंवार मुरगळलेला असतो. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत ४,४३,३६६ माणसे जखमी झाल्याची सरकारी नोंद आहे. त्यांपैकी ज्यांचा घोटा मोडला, त्यांतील काहींचे खरे दुखणे अजून सुरूही झालेले नसेल.

कूर्चा नाहीशी होऊन हाडावर हाड घासू लागले आणि औषधे, आधारपट्टे, इंजेक्शने यांचा उपयोग संपला, की शल्यचिकित्सक एक विचित्र वाटणारा उपाय सुचवतात: सांधाच बंद करून टाकायचा. उरलेली कूर्चा खरवडून नडगीचे हाड व त्याखालचे हाड स्क्रूंनी एकमेकांवर दाबून धरायचे, म्हणजे मोडलेले हाड जुळावे तशी ती दोन्ही एकजीव होतात. हालचाल संपते, तिच्याबरोबर वेदनाही.

पूर्वी यासाठी घोटा मोठा छेद घेऊन उघडावा लागे. दुर्बिणीचा मार्ग मात्र अशक्य मानला गेला होता. १९३१ साली मायकेल बर्मन यांनी मृतदेहांवरील अभ्यासानंतर, हा सांधा दुर्बिणीसाठी फारच अरुंद आहे, असा निष्कर्ष काढला. उपकरणे बारीक होत गेली. १९७२ मध्ये जपानचे मासाकी वातानाबे यांनी घोट्याच्या दुर्बीण-तपासणीचे अनुभव मांडले आणि १९८३ मध्ये दुर्बिणीतून घोटा जोडल्याची नोंद झाली. आज घोट्यासमोरच्या दोन लहान छिद्रांतून हे काम होते. सभोवतालच्या ऊती व रक्तपुरवठा बऱ्याच अंशी शाबूत राहतो, रुग्णालयातला मुक्कामही कमी होतो. तरीही पावलाच्या पाठीवरची संवेदना वाहणारी नस छिद्राजवळूनच जाते, तिला जपावे लागते. पाऊल फार वाकडे झालेले असेल तर अनेकदा उघडी शस्त्रक्रियाच बरी ठरते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हाडे न जुळण्याचा धोका वाढतो.

छिद्रे लहान असली, तरी निर्णय लहान नाही. सपाट रस्त्यावर असा माणूस बहुधा चांगला चालतो, कारण पावलातील इतर सांधे थोडी भरपाई करतात. पण तोच वाढीव भार वाहून कालांतराने तेही झिजू शकतात. टाच जमिनीला टेकवून उकिडवे बसणे मात्र जवळजवळ संपते. जमिनीवर वावरणाऱ्या समाजात हे नुकसान किरकोळ नव्हे. १९६०च्या दशकात जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाऊल घडवले, ते याच गरजेतून. परदेशी धाटणीच्या ताठ पावलावर भारतीय माणसाला बसता येत नव्हते.

कृत्रिम घोट्याचा पर्याय आहे. त्यात हालचाल टिकते, पण तो कालांतराने सैल होऊ शकतो. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत (२०२२) वर्षभरानंतर दोन्ही उपचारांनी रुग्ण सुधारले आणि चालण्या-उभे राहण्याच्या गुणांकात ठळक फरक आढळला नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एक साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे: हा माणूस दिवसभर काय करतो? शेतात भाजी खुडणारी बाई आणि टेबलाशी बसणारा कारकून यांच्या क्ष-किरण प्रतिमा अगदी सारख्या असू शकतात. त्यांचे घोटे मात्र वेगवेगळी आयुष्ये जगत असतात.