लय : दोन गुणांची थकबाकी

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पदव्युत्तर परीक्षेच्या एका उत्तरपत्रिकेत ‘लय म्हणजे दोन आघातांमधले थांबणे’ असे विधान होते. मी त्याखाली लाल रेघ ओढली, समासात ‘गती’ असे लिहिले आणि दोन गुण कापले. मर्ढेकरांच्या लयसिद्धांतावरील माझा प्रबंध तेव्हा नुकताच मान्य झाला होता; हात अंमळ जास्तच ठाम होता.

मर्ढेकरांची लय म्हणजे संवेदनांची संघटना. संवाद, विरोध आणि समतोल ही तिची तत्त्वे. ती चित्रालाही लागू पडते, त्यामुळे कालाशी तिचे बंधन अपरिहार्य राहत नाही. ‘ऱ्हिदम’चा पर्याय म्हणून समीक्षेने हा शब्द वापरला, तेव्हा गायकाच्या तोंडची लय मागे पडली. गाण्यात लय म्हणजे ताल नव्हे. एकताल बारा मात्रांचाच. तो विलंबित की द्रुत, हे लय ठरवते. यावरून लय म्हणजे वेग असा समज होणे स्वाभाविक आहे. ‘लय वाढवली’ असे आपण म्हणतोच.

शार्ङ्गदेव मात्र उलट्या बाजूने मोजतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त क्रियेनंतरची विश्रांती म्हणजे लय. द्रुतात ती सर्वांत अल्प, मध्यात तिच्या दुप्पट, विलंबितात पुन्हा दुप्पट. वेगात आपण काय केले ते मोजतो; लयीत, केल्यावर किती थांबलो ते. सृष्टीचा लय आणि गाण्याची लय यांचा धातूही एकच, ‘ली’ : चिकटणे, विरून जाणे. मराठीने एकाला पुल्लिंगी केले, दुसरीला स्त्रीलिंगी, इतकेच. (‘लय भारी’मधला ‘लय’ निराळा, त्याचा येथे संबंध नाही.)

हे सारे वाचून ठाऊक होते, पण पटले नव्हते. एका रात्री अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ऐकताना मी बोटांवर चौदा मात्रा मोजत बसले होते. स्वर विरत जाई आणि पुढची मात्रा येते की नाही अशी शंका यावी इतकी जागा पडे. तबला ती जागा हलकेच सांभाळी. खाँसाहेबांना ती भरण्याची घाई नव्हती. मोजणे केव्हा सुटले कळले नाही, आणि ती उत्तरपत्रिका आठवली.

मर्ढेकरांच्या तत्त्वांत ही विश्रांती कोठे बसवावी? समतोलात शोधावी तर तेथे तिला दुसऱ्या पारड्याचे वजन व्हावे लागते, आणि ती कशाचेच वजन नाही. वर्गात मी आता येथे थांबते.

उत्तरपत्रिकेवर नाव नसते, केवळ आसनक्रमांक असतो. तो विद्यार्थी की विद्यार्थिनी, हेही मला कळलेले नाही.