चित्राबाईंची बाजू

सुरतजवळच्या कडोदऱ्यात रेकॉर्ड ऐकायची म्हणजे आधी धुळीशी दोन हात. मिलच्या बॉयलरची काळी राख गच्चीवर, खिडकीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर कुठेही बसते. एलपीच्या खाचांत तर हक्काने. पुसायला हाताशी कापड असतं ते सुरतचं, म्हणजे पॉलिस्टर. ते कोरडं घासलं की रेकॉर्डवर स्थिरविद्युत तयार होते आणि उरलीसुरली धूळही येऊन चिकटते. साड्यांच्या मुलखात राहून मी शेवटी आईचं जुनं सुती लुगडं फाडलं. तुकडा किंचित ओलवायचा, खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही.

रेकॉर्ड जगजित आणि चित्रा सिंग यांची, ‘द अनफर्गेटेबल्स’. एचएमव्हीने आणीबाणीच्या सुमारास काढलेली. मला ती सुरतेत जुन्या सामानाच्या ढिगात मिळाली. गाणी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घरात होती. आबा अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीने आले. आधी लूमच्या खात्यात, मग इथल्या डाइंग मिलमध्ये लागले. रात्रपाळी नसली की टेप लावायचे. कॅसेट कुणीतरी भरून दिलेली, वर बॉलपेनने एकच शब्द: जगजित. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, मिलमध्ये उडिया आणि भोजपुरी. त्यात एक पंजाबी माणूस आणि एक बंगाली बाई उर्दूत गात. आबांना निम्मे शब्द कळत नसत. त्यांचं काही अडत नसे. कॅसेटवरची बाई कोण, हे विचारायची मात्र कुणालाच गरज वाटली नाही.

दोघांचं लग्न 1969 सालचं. गझलेच्या साथीला त्यांनी गिटार, संतूर आणले. जाणकारांनी नाकं मुरडली, पण आबांसारख्यांच्या घरात गझल शिरली ती याच वाटेने. 1990 मध्ये त्यांचा तरुण मुलगा विवेक अपघातात गेला आणि चित्राबाईंनी जाहीर गाणं सोडलं. जगजित काही काळाने मंचावर परतले. 2003 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, 2011 मध्ये ते गेले. तोवर जोडीतलं एकच नाव लोकांच्या तोंडी उरलं होतं. आमच्या कॅसेटवर तर ते आधीपासूनच एकटं होतं.

ही रेकॉर्ड मात्र वेगळी साक्ष देते. तिरप्या उजेडात धरली की काळ्या चकचकीत पृष्ठभागावर एक राखाडी पट्टा दिसतो. बोथट सुई त्याच त्या जागी फिरत राहिली की खाचा अशा घासल्या जातात, आणि आधी जातात ते वरचे, बारीक स्वर. तो पट्टा चित्राबाईंच्या एका गझलेवर आहे. आसपासची गाणी त्या मानाने स्वच्छ वाजतात. इथे आलं की कढईत मोहरी पडावी तशी चरचर. पूर्वीच्या मालकाने, की मालकिणीने, सुई उचलून पुन्हा पुन्हा तिथेच ठेवली असणार. बाईंचा आवाज पातळ, टोकाला जरा अणकुचीदार. जगजितांचा खर्ज पहिल्या भेटीतच गळ्यात हात टाकतो, तिचा तसा नाही. पण एकदा कानात बसला की तो गोड खर्ज थोडा सोपाच वाटू लागतो. (माझ्या बायकोला हे मुळीच मान्य नाही.)

आबांना मी ही रेकॉर्ड ऐकवली. चरचर सुरू झाली तसे ते म्हणाले, “हिचं नाव काय रे?” कव्हर त्यांच्या हातात दिलं. दोन नावं, शेजारीशेजारी, एकाच मापाच्या अक्षरांत.

तुमच्याकडे जुन्या एलपी असतील तर त्या आडव्या थप्पीत ठेवू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. आणि ही रेकॉर्ड त्यांत निघाली तर आधी चित्राबाईंना ऐका. जगजित काय, कुठेही ऐकायला मिळतात.